डब्यात चिठ्ठ्या अकरा, ऑफिसात माणसं बारा

डिसेंबर लागला की आता आपल्या गावातही सिक्रेट सँटा येतो. बँकेत, शाळेच्या स्टाफरूममध्ये, क्लासेसमध्ये, पतसंस्थेतसुद्धा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. भिशीसारख्या सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या करायच्या, प्रत्येकानं एक उचलायची. भिशीत नाव निघेल त्याला पैसे मिळतात, इथे नाव निघेल त्याच्यासाठी आपण गुपचूप वस्तू आणायची. कोणी आणली ते सांगायचं नाही. गंमत आहे, माझा विरोध नाही. नाताळाशी त्याचा संबंध नावापुरताच. आमच्या ऑफिसात खरा नाताळ करणारा एकच सहकारी होता, आणि तो नेमका त्या दिवशी रजेवर असायचा. घरी करंज्या, संध्याकाळी चर्च. त्याची भेट दोन दिवस टेबलावर पडून राहायची.

ही गोष्ट मी आधी ज्या दैनिकात होतो तिथली. जाहिरात विभागात नवीन आलेल्या मुलीनं टूम काढली. मर्यादा 300 रुपये. चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडं आलं, कारण ऑफिसात अक्षर बरं असलेला मीच. जेवणाच्या स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या, डबा फिरवला. सगळे खूश.

चिठ्ठ्या अकरा होत्या. ऑफिसात माणसं बारा.

बारावे म्हणजे आमचे मामा. पहाटे येणारे पेपरचे गठ्ठे सोडायचे, ऑफिस झाडायचं, चहा, कुरिअर, बँकेत चेक भरणं, सगळं त्यांच्याकडं. ते आमच्या पगारपत्रकावर नव्हते, एका ठेकेदाराकडं होते. पगार कधी वेळेवर यायचा, कधी महिना उलटून जायचा. मी त्यांची चिठ्ठी लिहिली नाही. विसरलो नव्हतो. 'त्यांना कशाला 300 रुपयांचा भुर्दंड' असा चांगला विचार करूनच लिहिली नाही. फक्त त्यांना विचारायचं राहिलं.

भेटी वाटायच्या दिवशी माझ्या टेबलावर दोन पुड्या. एक चकचकीत कागदातली, तिच्यात कप, त्यावर इंग्रजीत काहीतरी. दुसरी आमच्याच पेपरात गुंडाळलेली, वरून सुतळी. तीच जाडी सुतळी, जी गठ्ठ्यांना असते. आत चष्म्याची दोरी. स्टँडसमोरच्या गाड्यावर मिळते ती, काळी.

मी दिवसातून चार वेळा चष्मा हरवतो. अकरा जणांना त्याची सवय झाली होती. शोधून आणून द्यायचं काम मात्र एकच माणूस करायचा.

मी मामांना काही बोललो नाही. काय बोलणार? 'तुमचं नाव मीच लिहिलं नव्हतं' असं? त्यांनीही काही दाखवलं नाही. चहाचा कप ठेवताना गळ्यातल्या दोरीकडं एकदा बघितलं आणि गेले.

बिननावाचं देणं आपल्याला काही नवीन नाही. संक्रांतीला आमची आजी तिळाच्या लाडवात नाणं दडवायची आणि देताना काही बोलायची नाही. त्याला गुप्तदान म्हणायचे. शाळेच्या वर्गणीच्या यादीतही एक ओळ 'एक हितचिंतक' असायची. आता आम्हा पत्रकारांकडं दिवाळीत येणारे डबे बघा. डब्यावर नेत्याचा फोटो, आत नेत्याचं कार्ड, आणि दुसऱ्या दिवशी 'डबा पोचला ना?' म्हणून पीएचा फोन. मीही ते खाल्लेत, उगाच सोवळेपणा आणत नाही.

'सिक्रेट सँटा' म्हणून अमेरिकेत एक माणूस गाजला, लॅरी स्टुअर्ट. 1971 मध्ये खिशात दमडी नसताना मिसिसिपीतल्या ह्युस्टन गावी एका खाणावळीत त्यानं पोटभर खाल्लं आणि पाकीट हरवल्याचं नाटक केलं. मालक टेड हॉर्न त्याच्याजवळ आला आणि 20 डॉलरची नोट पुढं करून म्हणाला की ही तुझीच खाली पडलेली दिसते. उपकार केल्याचं त्यानं जाणवूच दिलं नाही. पुढं 1979 पासून स्टुअर्ट दर नाताळात कॅन्सस सिटीत अनोळखी गरजूंच्या हातात नोटा देत फिरला. नाव लोकांना कळलं ते 2006 मध्ये, कॅन्सर झाल्यावर.

आपल्या ऑफिसांतला खेळ वेगळा आहे, त्यात दान नाही, बरोबरी आहे. म्हणूनच डब्यात कोण आहे आणि कोण नाही हे बोचतं. हल्ली बातमीसाठी कुठल्याही कार्यालयात गेलो की नजर तिकडं जाते. टोप्या घालून काढलेल्या ग्रुप फोटोत दारावरचा सिक्युरिटीवाला नसतो, सफाईच्या ताई नसतात. बहुतेक वेळा फोटो काढायला त्यांच्याच हातात मोबाईल दिलेला असतो. कंत्राटी डेटा ऑपरेटर पोरगी असते फोटोत, पण तिचा पगार तीन महिने थकलाय हे तिनं मला बाहेर चहाच्या टपरीवर सांगितलेलं असतं. तिला 'नाही' म्हणता आलं नाही. एकाला न विचारता बाहेर ठेवलं, दुसरीला न विचारता आत ओढलं.

आता माझं स्वतःचं छोटं साप्ताहिक आहे. माणसं पाच, मावशी धरून. यंदा पोरांनी सँटाचा विषय काढला तेव्हा मी एवढंच म्हणालो, मर्यादा मावशी ठरवतील. मावशींनी आधी सगळं समजून घेतलं. मग म्हणाल्या, "वीस ठेवा की."

आमचा तरुण बातमीदार हसला. "मावशी, वीस रुपयांत येतं काय?"

"तुला बाजार माहितीय का रे? कंगवा येतो. सुईदोरा येतो. बोरं येतात. आणि घरी केलेलं काही चालतं का नाही?"

चालतं, असं ठरलं. सोमवारी चिठ्ठ्या काढल्या. या वेळी लिहिल्या मावशींच्या नातीनं, मी फक्त मोजल्या. पाच. माझ्या हाती कोणाचं नाव आलं ते सांगता येत नाही. पण मावशी दोन दिवस झाले माझ्या टेबलाजवळून जाताना माझ्या गळ्यातल्या जुन्या दोरीकडं बघतायत. तिला एका जागी गाठ मारलीय.