वडापचं काळीज

सकाळी सहाला, इंजिन पूर्ण गार असतानाच टॅपेटची फट लावायचं काम करायचं. रात्रभर गाडी जागची हललेली नसावी. पोर्चमध्ये पोतं अंथरून मी हत्यारं मांडते: सत्तावीसचा बॉक्स पाना, फीलर गेज, धोतराचं फडकं आणि चौदाचे दोन वाकडे पाने. हे दोन पाने पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाले आणि माझ्या मिस्त्रींनी भट्टीत तापवून वाकवून दिले, कारण सरळ पाना आत पोचतच नाही. मग बॉनेट उचलते. या गाडीचं बॉनेट तिरकं होऊन थांबत नाही. खटका सोडला की ते पार काटकोनात उभं राहतं आणि सगळं इंजिन उजेडात येतं. पुढे कधीतरी, कुठेतरी, कुणाला तरी इथे वाकून उभं राहावं लागेल, हे कागदावर गाडी आखणाऱ्याने मनात धरलं होतं. मला ते फार मोलाचं वाटतं.

गाडी मामांची. मर्सिडीज 240 डी, 1982 सालची. कंपनीच्या भाषेत ही डब्ल्यू 123 मालिका. 1976 मध्ये ती बाजारात आली, साधारण दहा वर्षं बनत राहिली आणि तेवढ्यात सत्तावीस लाखांच्या आसपास गाड्या रस्त्यावर उतरल्या. जर्मनीत तिची टॅक्सी व्हायची. आपल्याकडे मात्र ती दिसली की लोक रस्त्यात थांबायचे. मामांनी ती मुंबईत वापरलेलीच घेतली होती, आणि साताऱ्यात आणली तेव्हा आमच्या आळीतली मुलं तिच्या नाकावरचा तारा हात लावून बघून गेली. मामा गेल्यावर ती चार वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. मग ती माझ्याकडे आली.

सकाळी ती सुरूच व्हायची नाही. झालीच तर पांढरा धूर सोडत, थरथरत. एका मोठ्या शहरी गॅरेजने बघून सांगितलं की इंजिन उतरवावं लागेल, भाग बाहेरून मागवावे लागतील, खर्चाचा अंदाज आत्ता देता येणार नाही. मी परत आले. कोरेगाव रस्त्याला जीप आणि ट्रॅक्स दुरुस्त करणारे एक मिस्त्री आहेत, त्यांना फक्त बॅटरीसाठी बोलावलं होतं. त्यांनी बॉनेट उचललं, दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग हात पुसत म्हणाले, "ताई, ही तर आपली ट्रॅक्स हाय."

ते अक्षरशः खरं होतं. या गाडीतलं चार सिलिंडरचं 2.4 लिटरचं डिझेल इंजिन, ओएम 616, त्याचंच तंत्रज्ञान पुण्याजवळच्या आकुर्डीच्या बजाज टेम्पोने घेतलं, आणि त्याच घराण्याचं इंजिन ट्रॅक्समध्ये आणि ट्रॅव्हलरमध्ये वर्षानुवर्षं धावलं. म्हणजे मेढ्याच्या, पाटणच्या घाटात पंधरा माणसं, दोन शेळ्या आणि टपावर कांद्याची पोती घेऊन चढणारी वडाप आणि मामांची मर्सिडीज, यांचं काळीज एकच. याच इंजिनाची एक जुनी 240 डी ग्रीसमधल्या ग्रेगोरिओस साखिनिदिस नावाच्या टॅक्सीवाल्याने 46 लाख किलोमीटर चालवली. ती आज कंपनीच्या संग्रहालयात आहे. साताऱ्याच्या मिस्त्रींना त्याचं काहीच नवल वाटलं नाही. वडाप चालवणारे रोज तेच करतात, म्हणाले, फक्त मोजत नाहीत.

दुखणं टॅपेटचं होतं. या इंजिनात वाल्व्ह आणि त्याला दाबणारा हात यांच्यामध्ये हवेची एक फट ठेवावी लागते. इनलेटला 0.10 मिलिमीटर, म्हणजे वहीच्या एका कागदाएवढी, आणि एक्झॉस्टला 0.30, कारण तो जास्त तापतो आणि जास्त वाढतो. गाडी पळते तसा वाल्व्ह आपल्या बैठकीत झिजून खोल बसत जातो आणि फट कमी होते. शेवटी वाल्व्ह पुरता मिटतच नाही, दाब निसटतो, आणि डिझेलला पेटायला लागणारी उष्णता तयार होत नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच सगळा खेळ. यातली जी गोष्ट शिकायला मला वेळ लागला ती अशी की फट मिटत आलेलं टॅपेट आवाज करत नाही. थोडं टकटकणारं इंजिन बरं असतं. इंजिन गप्प होत गेलं की काळजी करायची.

त्या दिवशी मिस्त्रींनी दोन वाल्व्ह स्वतः लावले आणि उरलेले सहा माझ्याकडून करून घेतले. सत्तावीसच्या पान्याने इंजिन हाताने फिरवायचं, कॅमचं टोक वर आलं की थांबायचं, गेजची पाती सरकवायची. "थिजल्या तुपातनं चमचा वढल्यागत लागाय पायजे," ते म्हणाले. नट आवळला की फट पुन्हा थोडी सरकते, म्हणून आवळल्यावर परत मोजायचं. एका वाल्व्हला मला पाच वेळा परत जावं लागलं. ते बाजूला बसून चहा पीत होते, पण त्यांनी पाना हातातून घेतला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पहिल्या फेरीत सुरू झाली.

मग ती बंद होईना. किल्ली फिरवून काढली, हातात घेतली, तरी इंजिन आपलं चालूच. ठिणगीच नसल्यामुळे डिझेल इंजिन थांबवायचं तर त्याचं इंधन तोडावं लागतं, आणि या गाडीत ते काम ओढलेल्या हवेने होतं. इंजिनाच्या पुढच्या बाजूला एक पंप निर्वात तयार करतो. त्याच निर्वातावर ब्रेकला जोर मिळतो, त्यावरच दारांची कुलुपं मिटतात, आणि किल्ली फिरवली की तोच इंधनपंपाला बंद करतो. कुठेही एक बारीक नळी फुटली की सगळ्यांचा श्वास कमी. त्या संध्याकाळी मी बॉनेटखालची, ‘स्टॉप’ लिहिलेली पट्टी दाबून इंजिन थांबवलं. रविवारी कुलुपांकडे जाणारी नळी काढून तिचं तोंड बोटाने दाबलं, तर इंजिन किल्लीसरशी थांबलं. म्हणजे दोष दारांत. तीन दारं चांगली निघाली. चौथ्याचं, मागच्या डाव्या दाराचं, अस्तर उतरवलं तर कुलुपाचा रबरी पडदा चिरलेला. बोटभर रबर, आणि त्यापायी अख्खं इंजिन ऐकत नव्हतं.

त्याच दाराच्या तळाशी माती साचून पाणी जायच्या फटी बुजल्या होत्या. आतला पत्रा हाताला चुरा होऊन लागला. तेव्हापासून मृगाच्या आधी चारही दारांच्या तळाच्या फटी, काचेखालच्या जाळीतली पानं आणि बॅटरीखालचा पत्रा साफ करते. इंजिन लाखो किलोमीटर जाईल, पण साताऱ्याचा पाऊस पत्र्याला सोडत नाही.

सुट्या भागांसाठी पुण्यात नाना पेठेत जाते. आधी गाडीचं नाव सांगितलं की दुकानदार मान हलवायचे. आता ट्रॅक्सचं मागते. सगळंच जसंच्या तसं बसत नाही, म्हणून जुना भाग पिशवीत घेऊन जाते, काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवून मोजते आणि मगच पैसे देते.

तुमच्या घरात, नात्यात कुणाची अशी 240 डी ताडपत्रीखाली उभी असेल, तर ती भंगारात देण्याआधी एकदा वडापच्या थांब्यावर जा. तिथे ट्रॅक्स दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींचा पत्ता विचारा आणि त्यांना सकाळी, इंजिन गार असताना, घरी बोलवा.