उधळण्याचा ऐवज
रविवार, सार्निको.

इटलीतल्या इसेओ सरोवराच्या धक्क्यावर आज एक ‘रिवा आक्वारामा’ मोटरनौका उभी होती. महोगनीच्या फळ्यांवर व्हार्निशचे थरांवर थर चढवून आणलेली ती तांबूस झळाळी, पुढची वळणदार काच आणि मागे इंजिनांच्या झाकणावरच अंथरलेली, ऊन खाण्यासाठी केलेली ऐसपैस गादी न्याहाळीत असता, कार्लो रिवा यांनी याच गावी घडवून १९६२ साली जिला जगापुढे आणले, त्या या नौकेचे खरे वैभव तिच्या वेगात नसून निरुपयोगीपणात असावे, असे राहून राहून वाटले. मासेमारी नाही, मालाची ने-आण नाही. सकाळी निघावे, आडोशाला नांगर टाकून पोहावे, जेवावे, दिवेलागणीपूर्वी परतावे, एवढ्यासाठी दोन-दोन इंजिने जुंपण्याचा हा इतमाम! आमच्या कोकणातल्या तांडेलाने, जाळे ठेवायला जागा नाही म्हणून, नाकच मुरडले असते. तरीही उन्हाळ्यातली सुटी हा मुळातच उधळण्याचा ऐवज आहे आणि तो उधळावयाचाच तर अशा डौलाने उधळावा, या इटालियन युक्तिवादापुढे माझी काटकसर निरुत्तर होते. इंजिनांची गर्जना मात्र मला खपत नाही. लाकडी अंगाच्या निगराणीचा खर्च जबर, पण तो मालकाच्या खाती. धक्क्यावरच्या रसिकाला त्याची तोशीस नाही.