अर्धे तिकीट

परवा माझ्या धाकट्या भावाची मुलगी आयुष्यात पहिल्यानेच एकटी प्रवासाला निघाली. वय वर्षे दहा. प्रवास सोलापूर ते तुळजापूर, म्हणजे उणापुरा पंचेचाळीस किलोमीटरांचा. परंतु घरात दोन दिवस अशी धांदल उडाली होती की, पोरगी विलायतेला निघाली आहे असे शेजाऱ्यांना वाटावे. तिला गाडीत बसवून देण्याची कामगिरी मजकडे आली. पाच ते बारा वर्षांच्या मुलास अर्धे तिकीट, हा एस.टी.चा जुना शिरस्ता. वाहकाने तो कागद तिच्या हाती दिला, आणि मला माझे स्वतःचे अर्धे तिकीट आठवले.

ती गोष्ट 1979 च्या उन्हाळ्यातली. मी नऊ वर्षांचा होतो. वडिलांनी तुळजापूरला मामांस कार्ड टाकले, पत्र्याची ट्रंक माझ्या पायांशी ठेवली आणि ‘पोराकडे लक्ष असू द्या’ असे वाहकास सांगून ते खाली उतरले. गाडी हलताच पोटात कालवले खरे; पण हिप्परग्याजवळ उन्हाने आटलेला एकरुख तलाव खिडकीतून दिसू लागला, तोवर मी पुरता प्रवासी बनलो होतो. मुठीतले तिकीट घामाने भिजून गेले होते. ते अर्धे आहे, याचे तेवढे मला वैषम्य वाटत होते.

तुळजापुरास उतरलो, तो मामांचा पत्ता नाही. वडिलांच्या अक्षरातला एक त्यांना नऊ वाटला होता, आणि अकरा तारखेचा पाहुणा ते एकोणिसाव्या तारखेस घ्यायला येणार होते! हे अर्थात मागाहून कळले. त्या वेळी मी ट्रंकेवर बसून रडू आवरीत होतो. कवड्यांच्या माळा विकणारी एक बाई जवळ आली आणि म्हणाली, “कुणाचा रे तू, लेकरा?” मी वडिलांचे नाव, आडनाव, मामांचे नाव, त्यांची आळी, सारे पाठ म्हटल्यासारखे सांगितले. तिचा चेहरा निवळला. आपल्या तांब्यातले पाणी तिने मला पाजले. वाहकाने मामांच्या आळीतला एक गृहस्थ हुडकून निरोप धाडला. अर्ध्या तासात मामा उघड्या डोक्याने धावत आले.

ही हकीकत माणुसकीचा दाखला म्हणून मी कैक वर्षे सांगत असे. मुलाच्या प्रवासाचे निम्मे ओझे तो स्वतः वाहतो, उरलेले निम्मे अनोळखी माणसे वाहतात; अर्ध्या तिकिटाचा खरा अर्थ हाच, असा माझा सिद्धान्तही मी त्यास जोडीत असे. पुढे अध्यापनाच्या निमित्ताने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे इंग्रजी आत्मकथन वाचनात आले आणि माझा सिद्धान्त लंगडा पडला.

त्यातली पहिलीच आठवण मुलांच्या प्रवासाची आहे. साल 1901. भीमरावांचे वय दहाच्या आसपास. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते. त्यांनी सुटीसाठी मुलांना बोलावले. भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीची दोन मुले साताऱ्याहून निघाली. अंगात नवे सदरे, डोक्यावर झगमगीत टोप्या, पायांत नवे जोडे. मसूरच्या स्थानकावर उतरली, तो घ्यायला कोणी नाही. निघण्याविषयीचे पत्र शिपायाने वडिलांच्या कानी घातलेच नव्हते. स्टेशनमास्तरांनी आस्थेने विचारले, तुम्ही कोण? मुलाने निष्पापपणे ‘महार’ म्हणून सांगितले, आणि ती आस्था क्षणात मावळली. बैलगाडीवाले न्यायला तयार होईनात. अखेर दुप्पट भाडे कबूल करून, बैल मुलांनी स्वतः हाकायचे आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे, अशा अटीवर गाडी मिळाली. शिदोरी बरोबर होती, पण वाटेत पिण्याजोगे पाणी कोठे मिळेना. रात्र तहानेत गेली. वडिलांच्या मुक्कामी ती पोचली दुसऱ्या दिवशी.

मी पुस्तक मिटले. निरोपाची चूक दोन्हीकडे तीच. स्थानकावर ताटकळणेही तेच. प्रश्नसुद्धा तोच. मी अर्धे भाडे भरून गेलो; त्या मुलांनी दुप्पट भरले. मला पाणी मिळाले ते तहानेमुळे, असे मी इतकी वर्षे समजत होतो. माझ्या आडनावाचा त्यात वाटा किती, हे त्या माउलीलाही सांगता आले नसते. तिचा तांब्या मी आजही कृतज्ञतेने आठवतो. मात्र आता त्या आठवणीत एक खडा लागतो.

1925 साली बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने याच सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. खेड्यांतून शिकायला आलेल्या मुलांना ‘ये’ म्हणणारे एक दार शहरात असावे, या योजनेमागे मला मसूरचे ते निर्मनुष्य स्थानक दिसते. हा माझा तर्क आहे, आणि तो सोडवत नाही.

असो. परवा गाडी सुटण्यापूर्वी पुतणीच्या शेजारी एक म्हातारी येऊन बसली. “कुणाची गं तू, बाय?” तिने मायेने विचारले. मी खिडकीबाहेर उभा होतो; माझाच श्वास अडकला. पोरीने माझ्याकडे बोट करून म्हटले, “ह्या काकांची.” म्हातारी हसली, आणि तिने पोरीला खिडकीजवळची जागा दिली. आडनाव सांगण्याची वेळ आली नाही. ती आली असती, आणि ते दुसरे कुठले असते, तरी ती जागा मिळालीच असती, असे म्हणावेसे मला फार वाटले. छातीवर हात ठेवून म्हणवले नाही.

तासाभराने दूरध्वनी वाजला. पोरगी सुखरूप पोचली होती; मावशी फलाटावर उभीच होती.