सोयरिकीचं शास्त्र

मानवी आनुवंशिकीत एम.एस्सी. करायला येणारा विद्यार्थी बहुधा एक समजूत घट्ट धरून येतो. आजार म्हणजे डीएनएमधला बिघाड. तो यंत्रानं शोधायचा, सापडला की काम फत्ते. पहिल्या सत्रात ही समजूत आणखी पक्की होते, कारण तिथे सिकलसेल शिकवतात. १९१० साली शिकागोत जेम्स हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींची नोंद केली. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचं दाखवलं. १९५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो दोष एका अमिनो आम्लाच्या फरकापर्यंत आणून ठेवला. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. अकराव्या गुणसूत्रावरच्या बीटा ग्लोबिन जनुकात जीएजीचं जीटीजी. एका अक्षरानं आयुष्यभराचं दुखणं! इतकी स्वच्छ गोष्ट ऐकली की सगळे आनुवंशिक आजार असेच असणार, असं वाटायला लागतं. या विषयात पदव्युत्तर अभ्यास केल्यावर माझं मत जवळजवळ उलटं झालं आहे. अक्षर सापडणं हा या कामाचा सोपा भाग. ते अक्षर खरंच दोषी आहे का, कोणाकडून आलं, पुढे कोणाकडे जाईल, या प्रश्नांची उत्तरं नात्यागोत्यात दडलेली असतात. निदान आपल्या देशात तरी आनुवंशिक आजारांचा अभ्यास म्हणजे निम्मा सोयरिकींचा अभ्यास आहे, आणि अभ्यासक्रम नेमका तोच निम्मा भाग घाईघाईत उरकतो.

सिकलसेलच्याच तपासणीतला, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्राचा साधा रिपोर्ट समोर धरा. रक्ताचा नमुना यंत्रात गेला की काही मिनिटांत कागदावर शिखरं उमटतात: आधी गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन एफ, मग मोठ्यांतलं नेहमीचं ए, मग ए-टू, मग सिकलसेलचं एस. एकच सदोष जनुक असलेल्या वाहकाच्या कागदावर ए आणि एस दोन्ही असतात, ए थोडं जास्त. रुग्णाच्या कागदावर ए नसतंच. एसचा उंच सुळका आणि एफचं बुटकं शिखर. विदर्भात ‘एएस पॅटर्न’, ‘एसएस पॅटर्न’ हे शब्द दवाखान्याबाहेरही सर्रास चालतात. आता असा एक कागद घ्या, ज्यात ए नाही, एस भरपूर, एफ थोडं आणि ए-टू जरासं वाढलेलं आहे. ‘एसएस’ लिहून मोकळं व्हावं? पण एका पालकाकडून सिकलसेल आणि दुसऱ्याकडून बीटा थॅलेसेमियाचं पार बंद पडलेलं जनुक आलं, तरी चित्र हुबेहूब असंच दिसतं. ए-टू वाढलं म्हणजे थॅलेसेमिया, असं म्हणावं तर एसएस रुग्णातही यंत्र ए-टू थोडं जास्तच मोजतं. मुलाच्या कागदाकडे कितीही वेळ बघा, उत्तर मिळत नाही. आईबापांचे दोन कागद शेजारी ठेवले की गुंता सुटतो. दोघांत एस असेल तर मूल बहुधा एसएस. एकात एस नसून नुसतं ए-टू चढलेलं असेल तर आजार मिश्र. हा भेद केवळ नावापुरता नाही. याच जोडप्याच्या पुढच्या गर्भाची तपासणी करताना फक्त सिकलसेलचा बदल शोधला आणि थॅलेसेमियाचा राहिला, तर दोन्ही सदोष जनुकं घेतलेला गर्भ निव्वळ ‘वाहक’ ठरेल आणि घरच्यांना निर्धास्त राहायला सांगितलं जाईल. डीएनए वाचूनही हे कळतं, मान्य. पण डीएनएमध्ये काय शोधायचं, हे आईबापांच्या रक्तानं आधी सांगावं लागतं.

घरापुरतं जे खरं, ते समाजापुरतंही खरं आहे. आज एखाद्याच्या सगळ्या जनुकांचे सांकेतिक भाग वाचले की प्रमाण क्रमापेक्षा वेगळी अशी हजारो अक्षरं निघतात. त्यातलं आजाराचं कोणतं, हे ठरवताना पहिला निकष असतो दुर्मीळपणाचा: जे अक्षर निरोगी लोकांत सर्रास आढळतं, ते गंभीर आजाराचं कारण सहसा नसतं. पण निरोगी लोक कुठले? २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधल्या एका अभ्यासानं दाखवलं, की अमेरिकेत हृदयस्नायू जाड होण्याच्या आजाराचे म्हणून नोंदलेले काही बदल कृष्णवर्णीयांत मुळात बरेच आढळणारे आणि निरुपद्रवी होते; तुलनेसाठी घेतलेल्या लोकांत कृष्णवर्णीय पुरेसे नसल्यामुळे ते दुर्मीळ आणि म्हणून दोषी ठरले होते. आपल्याकडचं उदाहरण याहून गुंतागुंतीचं आहे. एमवायबीपीसी-थ्री या जनुकातला पंचवीस अक्षरांचा तुकडा दक्षिण आशियातल्या सुमारे ४ टक्के लोकांत गळालेला असतो. २००९ मध्ये त्याचा हृदयविकाराशी ठळक संबंध जाहीर झाला. २०१८ मध्ये असं पुढे आलं, की तो तुकडा गळालेल्यांपैकी काही थोड्यांत त्याच जनुकात आणखी एक बदल सोबतीला असतो आणि हृदयस्नायूच्या बिघाडाशी संबंध दिसतो तो या जोडीचा. म्हणजे कोट्यवधी लोक ज्याच्यामुळे धोक्यात आहेत असं वाटत होतं, तो गुन्हेगार त्यातल्या पुष्कळांच्या बाबतीत नुसता जागेवर हजर होता. आपल्या माणसांचा आणि त्यांच्या गटांचा नीट हिशेब असल्याशिवाय असा निवाडा होत नाही. म्हणून जीनोमइंडिया प्रकल्पात देशभरातल्या गटांतून दहा हजार जणांचे जीनोम वाचले गेले, याचं मोल मला एखाद्या नव्या जनुकाच्या शोधाहून जास्त वाटतं.

आता हे ‘गट’ म्हणजे काय? इथे आपण जातीपाशी येतो, आणि वर्गातलं व्याख्यान नेमकं इथेच आवरतं घेतलं जातं. २०१७ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये आलेल्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या २६३ गटांपैकी ८१ गटांत पूर्वजांची संख्या कधीकाळी इतकी आकसलेली दिसली, की फिनलंडचे लोक आणि अश्केनाझी ज्यू या दोघांनाही या गटांनी मागे टाकलं. आनुवंशिक आजारांच्या पुस्तकांत हे दोन समाज पानोपानी भेटतात. आपले गट क्वचितच भेटतात. त्याच अभ्यासात आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजाचा दाखला आहे: त्यांच्यात एका विकराच्या कमतरतेचं प्रमाण बरंच जास्त आहे आणि भुलीच्या वेळी वापरल्या जाणाऱ्या एका स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा अंमल अशा व्यक्तींवरून लवकर उतरत नाही. हे सांगितलं की हमखास उत्तर येतं, “आमच्यात सगोत्र लग्न करत नाहीत.” पण गोत्र चालतं बापाच्या बाजूनं, आणि जनुकं निम्मी आईकडून येतात. मामाची मुलगी वेगळ्या गोत्राची, वेगळ्या आडनावाची. महाराष्ट्रातल्या कित्येक समाजांत तिच्याशी लग्न रीतीला धरूनच मानलं जातं, आणि तरीही तिच्यात व आतेभावात सरासरी एक अष्टमांश जनुकं सामायिक असतात. त्याहून महत्त्वाचं असं, की नात्यात लग्न मुळीच न करणाऱ्या समाजातही पोटजात लहान आणि जुनी असेल, तर परस्परांना अगदी अनोळखी असलेली दोन स्थळं एकाच पूर्वजाचा एकच सदोष तुकडा घेऊन बोहल्यावर उभी राहू शकतात. गोत्र आणि देवक पाहून ते कळणार नाही. पत्रिकेतली एकनाड पाहून तर नाहीच नाही!

यावर एक आक्षेप गंभीर आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. जातीनिहाय जनुकं मोजणं म्हणजे मागच्या दारानं वंशवाद आत घेणं नाही का? इतिहास पाहता भीती रास्त आहे. पण याच इतिहासात मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे आहेत. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी कवट्यांची मोजमापं घेतली. हेच फिशर पुढे नाझींच्या वंशधोरणाचे पाठीराखे झाले. कवटीच्या असममितीचा संबंध वंशश्रेष्ठत्वाशी जोडणारी त्यांची कल्पना बाईंच्या आकड्यांत टिकली नाही, आणि तसं त्यांनी प्रबंधात लिहिलं. पुढे १९६८ मध्ये त्यांनी आणि के. सी. मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या, एकाच ब्राह्मण वर्गात मोडणाऱ्या आठ गटांची जैविक तुलना केली. समान दर्जाचे हे गट आपापसांत बरेच वेगळे निघाले. त्याआधी १९४९ च्या सुमारास एल. डी. संघवी आणि व्ही. आर. खानोलकर यांनी मुंबईतल्या सहा अंतर्विवाही, म्हणजे आपापल्यातच लग्नं करणाऱ्या, गटांवर असंच काम केलं होतं. या मोजमापांतून दिसतं ते इतकंच, की लग्नाची कुंपणं कुठे आणि किती काळ होती. कोण श्रेष्ठ, याचं उत्तर त्यात नाही. तेव्हा माझं म्हणणं असं, की जातीचा उल्लेख टाळल्यानं जात पुसली जात नाही, फक्त तिच्यातले आजार नजरेआड होतात. मात्र गटाचं नाव संशोधकाच्या तक्त्यात असणं वेगळं आणि मुलीच्या स्थळाच्या चौकशीत येणं वेगळं, हा विवेक प्रयोगशाळेच्या वहीइतकाच काटेकोरपणे शिकवला गेला पाहिजे.

दुसरा आक्षेप सिकलसेलवरूनच घेतला जाईल: हा आजार काही अंतर्विवाहानं जन्माला घातलेला नाही. बरोबर आहे. वाहकांना मलेरियापासून संरक्षण मिळतं हे १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी दाखवलं, आणि त्या संरक्षणामुळेच हे जनुक टिकलं. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारच्या पट्ट्यात ते आदिवासींमध्ये आहे, तसंच विदर्भातल्या बिगरआदिवासी समाजांतही आहे. त्याला एकाच समाजाचा शिक्का मारणं अज्ञानाचं लक्षण. पण जनुक का टिकलं हा एक प्रश्न, आणि आज दोन वाहक एकमेकांशी लग्न का करतात हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर मलेरियात नाही. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोलला सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करून त्यांच्या हाती निकालाचं कार्ड देण्याची तिची योजना आहे. त्या कार्डाचं पुढे काय होतं, ते शेवटी सोयरीक ठरवणाऱ्यांच्याच हातात असतं. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत सिकलसेलवरच्या जनुक-संपादन उपचाराला मान्यता मिळाली. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. यंत्रं स्वस्त होतील, तसा उपचारही कधीतरी होईल. तोवर विदर्भातल्या मुलाला हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या आणि त्याच्या बहिणीच्या लग्नाआधी तिची एक रक्तचाचणी, हे जास्त कामाचं आहे.

वंशवृक्ष काढायला आम्हाला शिकवतात ते चिन्हांपुरतं: पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, मृताला तिरकी रेघ, पडलेल्या गर्भाला छोटा त्रिकोण, नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ. खरी अडचण माहिती मिळवण्याची आहे. महाराष्ट्रात तरी ती निम्मी तयार असायला हवी, कारण घराण्यांचे कुलवृत्तांत छापण्याची एवढी हौस क्वचितच कुठे असेल. पण ते उघडून पाहा. पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांची नावं, शिक्षण, नोकऱ्या; मुलीचं नाव आलंच तर ‘अमुक घराण्यात दिली’ इथे तिची रेघ संपते. हिमोफिलिया किंवा डुशेन स्नायुक्षय यांचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बापाकडून मुलाकडे ते जातच नाही. आईकडून मुलाकडे येतं, मुलींमार्फत मूकपणे पुढे सरकतं आणि नातवात उगवतं. म्हणजे कुलवृत्तांत जिथे थांबतो, तिथूनच हे आजार पुढे चालतात. लहानपणी दगावलेली मुलंही त्यात नसतात, आणि आम्हाला सगळ्यात आधी त्यांचीच चौकशी करावी लागते. तेव्हा ज्या मंडळांनी आपल्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती हाती घेतली असेल, त्यांना विनंती: आजार छापू नका, ती खासगी बाब आहे. पण लेकींची रेघ सासरी तोडू नका. त्यांची मुलं, नातवंडं आणि अकाली गेलेली बाळंही नोंदवा.