कंसातली नावं

कॉलेजात असताना निकोलाय गोगोलची 'मृत आत्मे' ही रशियन कादंबरी वाचली, तेव्हा मी खूप हसलो होतो आणि तितकाच गोंधळलोही होतो. चिचिकोव्ह नावाचा गोडबोल्या माणूस जमीनदारांच्या घरी पाहुणचार घेतो आणि हळूच विषय काढतो: तुमचे मेलेले भूदास मला विकता का? कोरोबोच्का ही विधवा जमीनदारीण घाबरते, ती भाव कमी लागेल म्हणून! सोबाकेविच तर मेलेल्या सुताराची, चांभाराची कारागिरी वाखाणून किंमत चढवतो. हा व्यवहार कशासाठी, हे गोगोल अकराव्या, म्हणजे शेवटच्या प्रकरणापर्यंत सांगत नाही. दोन शिरगणत्यांच्या मधल्या काळात मेलेला भूदास कागदोपत्री जिवंतच राही आणि मालक त्याचा कर भरत राही. अशी कागदावरची माणसं गहाण टाकून चिचिकोव्हला कर्ज उचलायचं असतं.

तरी एक कोडं उरलंच. १८४२च्या पहिल्या आवृत्तीचं मुखपृष्ठ गोगोलनं स्वतः चितारलं होतं आणि त्यावर सगळ्यांत ठळक शब्द आहे 'पोएमा', म्हणजे काव्य. लबाडीच्या या गोष्टीत काव्य कुठलं?

वडील गेल्यानंतर वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे गेलो. मृत्यूचा दाखला जोडला, अर्ज दिला. फेरफार मंजूर झाला की नाव कमी होईल, असं सांगण्यात आलं. घरी आल्यावर जुने हस्तलिखित सातबारे काढून बसलो. पिवळ्या कागदावर आजोबांचं नाव होतं, त्याला शाईनं कंस केलेला. त्यावर पणजोबा, तेही कंसात. आमच्याकडे म्हणतातच, 'नावाला कंस झाला.' आजोबांच्या नावावर बोट ठेवलं आणि त्यांचं धोतर आठवलं, गुडघ्यापर्यंत खोचलेलं, काठाला विहिरीच्या गाळाचे डाग. पणजोबांच्या नावावर बोट ठेवलं. काहीच आठवलं नाही. त्यांच्याबद्दल मी कधी कुणाला विचारलंच नव्हतं.

त्या रात्री गोगोल पुन्हा उघडला. सातव्या प्रकरणात चिचिकोव्ह विकत घेतलेल्या मृतांच्या याद्या समोर घेऊन बसतो. कोरोबोच्काच्या यादीत नावांपुढे गावानं पाडलेली टोपणनावं आहेत, सोबाकेविचच्या यादीत प्रत्येकाचा गुण. वाचता वाचता तो एकेका नावाशी थबकतो. स्तेपान सुतारा, तू कसा गेलास? कुठल्या उंच कामावरून पडलास? मेलेल्यांवर पैसा करायला निघालेला हा माणूस घटकाभर त्यांच्याशी बोलत बसतो, आणि यादीतली माणसं उठून कामाला लागतात. मला वाटतं, काव्य ते हेच.

रशियन भाषेत 'दुशा' म्हणजे आत्मा, आणि करापुरतं मोजलेलं डोकंही. आत्मा अमर असताना तो मृत कसा, म्हणून मॉस्कोच्या सेन्सॉरनं नावालाच हरकत घेतली होती. त्या हरकतीत नकळत कादंबरीचं मर्म आलंय. मेल्यानं आत्मा मरत नाही. माणसाचं नाव समोर असून त्याच्यामागचा माणूस दिसेनासा होतो, तेव्हा पाहणाऱ्याच्या आत काहीतरी मरतं.

दुसऱ्या दिवशी गावी थोरल्या आत्याला फोन केला. म्हटलं, "आत्या, पणजोबा कसे होते गं?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "थांब, बसून सांगते."