ओरफिल्डचा पडदा आणि मावळातली कनात

पेनसिल्व्हेनियात जुलैतला सूर्य साडेआठ वाजले तरी मावळायचं नाव घेत नाही. ओरफिल्ड गावाबाहेरच्या मैदानात गाड्या रांगेनं लागत होत्या आणि पोरंबाळं पडद्याकडे न बघता आभाळाकडे बघत होती. अंधार पडल्याशिवाय सिनेमा नाही! देहूहून इतक्या लांब यावं आणि पहिलीच गोष्ट ओळखीची निघावी? आमच्याकडे जत्रेतला सिनेमाचा तंबूही असाच दिवेलागणीची वाट बघत उभा असायचा.

हे शँकवायलर्स ड्राइव्ह-इन, म्हणजे गाडीत बसूनच सिनेमा बघायचं उघड्यावरचं थिएटर. १९३४ सालचं, आजही चालू असलेल्यांत सगळ्यांत जुनं. त्याच्या आदल्याच वर्षी, ६ जून १९३३ला, न्यू जर्सीत कॅमडेनजवळ रिचर्ड हॉलिंग्सहेड यांनी जगातलं पहिलं ड्राइव्ह-इन सुरू केलं. त्याआधी त्यांनी घरच्या अंगणात प्रयोग केले. गाडीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर, झाडांना बांधलेला पडदा, पडद्यामागे रेडिओ. पुढच्या गाडीमुळे मागच्याला दिसेना, तेव्हा पुढच्या चाकांखाली ठोकळे घालून गाडीचं तोंड वर केलं. तोच चढ पुढं मैदानात मातीचा झाला. मी तीस वर्षं पिंपरी-चाकणच्या पट्ट्यात गाड्यांच्या कारखान्यात काढली. गाडी म्हणजे इंजिन, ब्रेक, पत्रा, रंग. गाडी म्हणजे थिएटरातली खुर्चीसुद्धा असू शकते, हे कधी मनातच आलं नव्हतं.

पडदा उजळला. आवाज ज्याच्या त्याच्या गाडीतल्या एफएमवर. शेजारच्या गाडीच्या काचा बंद होत्या. आतलं कुटुंब पोट धरून हसताना मला दिसलं, पण ऐकू काहीच आलं नाही. सबंध प्रवासात मी थक्क झालो तो इथं. पडदा एक, चित्र एक, आणि हसू मात्र ज्याचं त्याच्या डब्यात.

दुसऱ्या दिवशी लेकीनं संगणकावर जॉन मार्गोलिस यांचे फोटो उघडून दिले. या माणसानं जवळजवळ चाळीस वर्षं अमेरिकेच्या रस्त्यांवरून फिरून गावोगावची थिएटरं, ड्राइव्ह-इनचे पडदे, पेट्रोलपंप, मोटेलं टिपली. त्यांच्या ११,७१० रंगीत पारदर्शिका आता लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि कुणालाही फुकट बघता येतात. ड्राइव्ह-इन एकेकाळी चार हजारांच्या वर होती, आता तीनशेच्या आसपास उरली. जमिनी महागल्या, टीव्ही आणि व्हिडिओ घरात आले, शेवटी रिळं जाऊन महागडे डिजिटल प्रोजेक्टर आले. बंद पडलेल्यांतली कितीतरी आज या फोटोंतच उभी आहेत. सकाळचं स्वच्छ ऊन, निळं आभाळ, नावाची अक्षरं. नात बराच वेळ बघून म्हणाली, "आबा, माणसं कुठं गेली?"

खरंच, माणूस जवळजवळ नाहीच. मार्गोलिस मुद्दाम रिकामी चौकट शोधायचे.

मग मी तिला अमित मधेशिया यांचे फोटो दाखवले. महाराष्ट्रातल्या फिरत्या तंबूतल्या प्रेक्षकांचे. त्यांना २०११ साली वर्ल्ड प्रेस फोटोचं बक्षीस मिळालं. पुढं त्यांनी आणि शर्ली अब्राहम यांनी या तंबूवाल्यांवर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला, तो २०१६ साली कान महोत्सवात गाजला. या फोटोंत नुसते चेहरे. फेटे, पदर, मांडीवरची पोरं, उघडी राहिलेली तोंडं, आणि त्यांच्यावर पडलेला पडद्याचा उजेड. आता तिचा प्रश्न उलटा झाला: "पण थिएटर कुठंय?"

थिएटर सकाळी ट्रकमध्ये भरून पुढच्या जत्रेला गेलं, बाळा. तिकडं इमारत राहिली, माणसं फोटोबाहेर गेली; आमच्याकडे इमारत कधी नव्हतीच. माणसं टिपली गेली म्हणून तेवढं तरी उरलं.

मी सात-आठ वर्षांचा असेन. मावळातल्या एका जत्रेत आजीच्या मांडीवर बसून 'संत तुकाराम' बघितला. प्रभातचा, १९३६ सालचा, दामले-फत्तेलालांचा. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली त्याचा गौरव झाला, हे मला फार नंतर कळलं. उशिरा आलेले पडद्याच्या मागं बसले होते, त्यांना अक्षरं उलटी दिसत होती. तरी कुणी उठलं नाही. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा विमानात बसले, तेव्हा तंबूभर हात जोडले गेले. आजी देहूचीच. वैकुंठगमनाची जागा तिनं रोज पाहिलेली, तरी तिच्या गालावर ओघळ होते. कडेला खाली राहिलेल्या तुकोबांच्या बायकोकडे, आवलीकडे बघून ती हळूच म्हणाली, "बिचारी एकटी पडली."

पहाटे मैदानात गेलो तर तंबू नव्हता. खुंट्यांचे खळगे तेवढे राहिले होते, त्यांत दव साचलेलं. फोटो काढणारं कुणी नव्हतं.

नातीनं कागद आणि पेन्सिल पुढं केली. मी कनात काढली, मधला पडदा, ट्रक, दोरीच्या अलीकडे बाया, पलीकडे पुरुष. मागच्या बाजूला बसलेलेही काढले. तिनं विचारलं, "यात तुझी आजी कुठली?" मी बोट ठेवलं.