ओढा थांबला हो!

हातातलं काम ठेवा आणि आधी हे ऐका! मी वाहता ओढा थांबताना पाहिला! या डोळ्यांनी! आणि तो थांबवला कुणी? कॉलेजच्या पोरापोरींनी! कशाने? सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांनी!

मला यातलं काही कळत नाही, हे आधीच सांगते. मी गेले होते लेकीचा विसरलेला स्वेटर द्यायला. दिवाळीची सुट्टी, आणि ही सात दिवस एनएसएसच्या कॅम्पला. स्वेटर द्यायचा आणि दुपारची एसटी पकडायची, एवढाच बेत. आणि मग मी ओढ्यावर गेले आणि मग चपला काठावर राहिल्या आणि मग पदर खोचला आणि मग एसटी गेली आणि मी दोन दिवस तिथेच राहिले!

जिल्हा परिषदेची शाळा. बाक कडेला रचलेले, खाली सतरंज्या, पन्नासएक मुलं. पहाटे साडेपाचला उठायचं! जिला उठवताना रोज माझा घसा बसतो ती माझी लेक शिट्टीच्या आधी तोंड धुऊन तयार! मग प्रभातफेरी, मग पोहे, मग टिकाव-फावडी-घमेली घेऊन ओढ्यावर. दुपारी व्याख्यान, त्याला ते ‘बौद्धिक’ म्हणतात. रात्री भारूड! आणि स्वयंपाकाची पाळी सगळ्यांना. दोन मुलगे परातीत भाकरी थापत होते आणि गावातल्या मावशी शेजारी बसून शिकवत होत्या. पहिली फाटली, दुसरी फाटली, तिसरी टम्म फुगली! टाळ्या!

पण गोण्यांचं ऐका ना! त्याला वनराई बंधारा म्हणतात. पाऊस संपल्यावरही ओढा थोडा वाहत असतो, ते पाणी निघून जायच्या आत अडवायचं. गोणीत वाळू-माती भरायची, पण गच्च नाही! थोडी मोकळी ठेवायची, म्हणजे ती पसरून खालच्या गोणीवर नीट बसते! किती साधं! आणि मग दाभण-सुतळीने तोंड शिवायचं आणि मग रांग करून या हातातून त्या हातात द्यायची आणि मग विटांसारखी रचायची, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. ‘सांधेमोड’ म्हणायचं त्याला, गावातल्या गवंडीकाकांनी शिकवलं. फटीत माती ठोकायची. मी ठोकली!

आणि मग पाणी! आधी काहीच होत नाही. मग बंधाऱ्याखालची धार बारीक होते. मग वरच्या बाजूला एक दगड बुडतो! मग दुसरा! आम्ही काठावर बसून दगड मोजत होतो, सगळे, कॅम्पचे सरसुद्धा! सातवा दगड बुडाला तेव्हा शेजारचे आजोबा म्हणाले, “हरभऱ्याला एक पाणी वाढलं बघा.” मला हुंदकाच आला! हे पाणी जमिनीत मुरतं, आजूबाजूच्या विहिरींना उतरतं. पुढच्या पावसाळ्यात गोण्या वाहून जातील, आणि मग पुन्हा बांधायचा. दरवर्षी! मला तर हेच सगळ्यात आवडलं. गावाला दरवर्षी नवी पोरं भेटणार!

सरांना मी प्रश्न विचारून भंडावलं. एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, सुरू झाली 24 सप्टेंबर 1969 ला. गांधीजींची जन्मशताब्दी! तेव्हा 37 विद्यापीठं आणि 40,000 विद्यार्थी होते. दोन वर्षांत 240 तास काम, आणि वर एक सात दिवसांचं शिबिर. आणि तो छातीवरचा बिल्ला! इतकी वर्षं मी त्याला नुसतं चाक समजत होते. कोणार्कच्या सूर्यमंदिरातल्या रथाचं चाक आहे ते! आठ आरे, म्हणजे दिवसाचे चोवीस तास, आठ प्रहर! चार वेळा मोजले मी, बरोब्बर आठ!

लेक अजून तिथेच आहे, मी परत आलेय आणि दिसेल त्याला धरून हेच सांगतेय. आता तुम्ही सापडलात! मी निघाले त्या दिवशी गोण्या कमी पडल्या होत्या हो. तुमच्याकडे किंवा शेजारी बांधकाम चालू असेल तर सिमेंटच्या न फाटलेल्या गोण्या टाकू नका. झटका, गठ्ठा बांधा आणि जवळच्या कॉलेजात एनएसएस बघणाऱ्या सरांना किंवा मॅडमना नेऊन द्या. ओढे अजून वाहतायत, लवकर द्या!